प्रश्नावलीत न मावणारे गाव

विदर्भाच्या कापूसपट्ट्यात कुणी वही-पेन घेऊन गावात शिरले की पारावर बसलेली माणसे पहिल्यांदा हेच विचारतात, की आमच्यावर इतके अभ्यास झाले, आता आणखी कशाला? हे विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. यवतमाळ, वर्धा, अमरावती, अकोला, वाशीम आणि बुलढाणा या सहा जिल्ह्यांत गेल्या दोन-अडीच दशकांत मुंबई-दिल्लीहून आणि परदेशी विद्यापीठांतून माणसे आली, त्यांनी घरोघरी बसून माहिती घेतली, फोटो काढले, सह्या-अंगठे घेतले आणि ती निघून गेली. त्या माहितीचे पुढे काय झाले हे सांगायला त्यांतले फार थोडे परत आले. हाच प्रश्न वेगळ्या सुरात सरकारी बैठकांत आणि अनुदान देणाऱ्यांच्या टेबलावरही ऐकू येतो. समाजशास्त्र, मानसशास्त्र, मानववंशशास्त्र, अर्थशास्त्र, लोकसंख्याशास्त्र अशा शाखा आणि प्रत्येकीच्या दहा पद्धती हव्यात कशाला, एक मोठी पाहणी करा, आकडे काढा आणि उपाय सांगा, असे तिथले म्हणणे असते. गावकऱ्यांची तक्रार मला रास्त वाटते, पण तिच्यातून निघणारा हा दुसरा निष्कर्ष चुकीचा आहे. विदर्भातल्या खेड्यांवर अभ्यास फार झाले ही खरी अडचण नाही. त्यांतले बहुतेक एकाच जातकुळीचे झाले आणि ज्या थोड्या अभ्यासांनी वेगळी वाट धरली त्यांच्याकडून आपण पुरेसे शिकलो नाही, ही अडचण आहे.

शेतकरी आत्महत्यांवरच्या दोन अहवालांपासून सुरुवात करतो, कारण पद्धत बदलली की काय दिसू लागते हे त्यांत स्वच्छ कळते. टाटा समाजविज्ञान संस्थेने २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाला अहवाल सादर केला. त्यासाठी अभ्यासक आत्महत्या झालेल्या घरांत जाऊन बसले, मागे राहिलेल्यांकडून घटनाक्रम ऐकला आणि शेतीचा वाढता खर्च, पिकाला न मिळणारा भाव आणि कर्ज यांचा फास कसा आवळत जातो हे त्यांनी मांडले. पुढच्याच वर्षी, जानेवारी २००६ मध्ये, इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेच्या श्रीजित मिश्र यांनी राज्य सरकारला दुसरा अहवाल दिला. त्यांनी वर्धा, वाशीम आणि यवतमाळ जिल्ह्यांतली आत्महत्या झालेली १११ घरे तर घेतलीच, शिवाय त्याच परिसरातली आत्महत्या न झालेली घरेही तुलनेसाठी घेतली. वाचताना ही बाब किरकोळ वाटते, पण तिचे महत्त्व फार मोठे आहे. दुःख झालेल्या घरातच फक्त गेले तर तिथे जे जे सापडेल ते सगळे कारण वाटू लागते. कर्ज सापडले की कर्ज, मुलीचे लग्न सापडले की लग्न, दारू सापडली की दारू. शेजारच्या घरातही कर्ज आहे, तिथेही मुलीचे लग्न झाले आहे, तरी तिथला माणूस जगतो आहे, हे पाहिल्याशिवाय कोणत्या ओझ्याचे वजन किती हे ठरवता येत नाही. मिश्र यांच्या मांडणीत एकटे कुठलेही कारण उरले नाही. एका माणसावर एकाच वेळी अनेक ओझी येऊन पडलेली दिसली आणि त्यांत थकलेल्या कर्जाचा आकार व घसरलेली पत ठळकपणे पुढे आली. पहिल्या अहवालाने घरातला आवाज ऐकवला, दुसऱ्याने वजन केले. यांतला एक अभ्यास झाला असता आणि दुसरा झाला नसता तर आपली समज अर्धवट राहिली असती, आणि अर्धवट समजेवर बेतलेल्या योजनांचे काय होते हे आपण त्याच वर्षी पाहिले.

२००६ च्या जूनअखेरीस तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. सिंचन, व्याजमाफी, कर्जाची फेररचना यांच्याबरोबर त्यात दुधाळ जनावरे वाटण्याचीही तरतूद होती. शेतीला जोडधंदा हवा हा विचार कागदावर बरोबरच होता. पण कोरडवाहू पट्ट्यात उन्हाळ्यात हिरवा चारा कुठून आणायचा, ढेपेचा खर्च कोण करणार, दूध संकलन केंद्र किती कोसांवर आहे, आणि जनावरामागची सगळी मेहनत घरातल्या कोणत्या बाईच्या अंगावर पडणार, हे कुणी गावात महिनाभर राहून पाहिले असते तर वाटपाआधीच कळले असते. अनेक कुटुंबांना ती गाय पोसवली नाही आणि त्यांनी ती विकली. ही माहिती मिळवायला लाखभर कुटुंबांची पाहणी लागत नव्हती. दोन-तीन गावांत, एका घराच्या दिवसभराच्या कामावर लक्ष ठेवून राहणारा अभ्यासक लागत होता. असे काम करणाऱ्याला आपल्याकडे अनुदानही मिळत नाही आणि मानही मिळत नाही, कारण त्याच्या अहवालात टक्केवारीचे तक्ते नसतात.

तक्त्यांविषयी बोलायचे तर ते तयार कसे होतात, हाच एक अभ्यासविषय आहे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल द्युर्केम यांनी १८९७ साली आत्महत्येवर ग्रंथ लिहून समाजशास्त्राला एक भक्कम उदाहरण घालून दिले, ते सरकारी नोंदींच्या आधारावर. त्यानंतर सत्तर वर्षांनी अमेरिकन समाजशास्त्रज्ञ जॅक डग्लस यांनी विचारले, की मृत्यू आत्महत्या आहे हे ठरवतो कोण, आणि ठरवताना तो कशाचा विचार करतो? हा प्रश्न आपल्या तहसील कार्यालयांत आजही जिवंत आहे. आपल्याकडे आत्महत्येचे प्रकरण समितीपुढे जाते आणि ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरते. पात्र ठरले तर कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत मिळते. सातबारा कुणाच्या नावावर आहे, कर्ज बँकेचे किंवा परवानाधारक सावकाराचे आहे का, ते थकले होते का, हे त्यात पाहिले जाते. साहजिकच मक्त्याने किंवा बटईने वावर करणारा, कृषी केंद्रातून उधारीवर बी-खत उचलणारा आणि नातेवाइकाकडून हातउसने घेणारा माणूस या चाळणीतून गळून पडण्याचा धोका मोठा असतो, आणि आमच्या भागात अशी माणसे थोडीथोडकी नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २०१४ च्या आकडेवारीपासून शेतकरी आणि शेतमजूर असे दोन वर्ग वेगळे केले, तेव्हाही गावात कुणाची स्थिती एका रात्रीत बदललेली नव्हती. बदलला तो नोंदवहीतला रकाना. म्हणून आकडा वाचण्यापूर्वी तो ज्या खोलीत, ज्या नियमाने आणि ज्या माणसाच्या हातून तयार झाला तिथे जाऊन बसणारे संशोधन हवे. त्याने आकडा खोटा ठरत नाही. तो कशाचा आकडा आहे, हे त्यातून कळते.

मी ग्रामीण महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवतो. आमची एक विद्यार्थिनी दिवाळीनंतर कापसाच्या वेच्याच्या दिवसांत छापील प्रश्नावली घेऊन वावरात गेली होती, मीही सोबत होतो. कमरेला ओटी बांधून कापूस वेचणाऱ्या एका बाईला तिने ‘मुख्य व्यवसाय’ विचारला. बाईचे हात थांबले नाहीत. ती म्हणाली, “पोरी, आपल्या वावरात राबतो तं शेतकरी म्हनशीन, दुसऱ्याचं वेचाले जातो तं मजूर म्हनशीन, आन् घरी आलो का काहीच नाही. तुले लिवायचं थे लिव.” प्रश्नावलीत शेती, शेतमजुरी, नोकरी, व्यापार, गृहिणी आणि इतर अशी सहा खाने होती आणि सूचना होती की एकाच ठिकाणी खूण करावी. मुलीने थोडा विचार करून ‘गृहिणी’वर खूण केली, कारण सातबारा नवऱ्याच्या नावावर होता आणि मजुरी रोजची नव्हती. पुढे महाविद्यालयात ती खूण एका तक्त्यात गेली, त्या तक्त्याची टक्केवारी निघाली आणि त्या टक्केवारीच्या आधारावर एक निष्कर्ष लिहिला गेला. त्या बाईने दोन वाक्यांत जे सांगितले होते ते पूर्ण संशोधनात कुठेच नव्हते. मुलगी हुशार होती आणि प्रामाणिकही होती. तिला दुसरे काही करण्याची परवानगीच आम्ही दिलेली नव्हती.

हा प्रकार फक्त एका गावापुरता नाही हे दाखवायला निराळ्या रीतीचे दोन अभ्यास उपयोगी पडतात. महिला किसान अधिकार मंचाने २०१८ साली विदर्भ आणि मराठवाड्यातल्या ५०५ स्त्रियांची पाहणी केली. या सगळ्या शेतकरी आत्महत्येनंतर मागे राहिलेल्या स्त्रिया होत्या. त्यांतल्या सुमारे ४० टक्क्यांना आपण कसत असलेल्या जमिनीवर हक्क मिळालेला नव्हता. प्रश्न योग्य माणसाला विचारला, म्हणून हे उत्तर मिळाले. सगळ्या कुटुंबांच्या सरासरीत ते कधीच दिसले नसते. दुसरा अभ्यास सरकारी आणि देशव्यापी आहे. २०१९ च्या काल-वापर (वेळेच्या वापराच्या) पाहणीत माणसाचा व्यवसाय विचारून थांबले नाहीत, तर त्याने चोवीस तास कसे घालवले हे अर्ध्या-अर्ध्या तासाने नोंदवले. बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात आणि असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे, हे त्यातून बाहेर आले. आकडे इथेही आहेत, पण ते वेगळ्या प्रश्नाचे आहेत. पद्धतीचे वैविध्य म्हणजे आकडे सोडून गप्पा मारणे अशी जी समजूत आहे तिला यापेक्षा चांगले उत्तर माझ्याजवळ नाही.

आमच्या विद्यापीठांत मात्र साचा एकच आहे. विषय घ्यायचा, शीर्षकाला ‘विशेष संदर्भ’ म्हणून एखादा तालुका जोडायचा, गृहीतकृत्ये, म्हणजे तपासून पाहायची विधाने, लिहायची, शंभर किंवा दोनशे उत्तरदाते निवडायचे, प्रश्नावली भरून घ्यायची, तक्ते आणि आलेख काढायचे, काय-वर्ग ही संख्याशास्त्रीय चाचणी लावायची आणि शेवटी शिफारशी द्यायच्या. या साच्यात चांगले काम होऊ शकते आणि काही जणांनी ते केले आहे. पण तो साचा इतका घट्ट बसला आहे की विद्यार्थ्याला प्रश्न सुचण्याआधीच पद्धत ठरलेली असते आणि मग त्या पद्धतीला झेपेल असाच प्रश्न तो शोधतो. गावातल्या मायक्रोफायनान्सच्या वसुलीच्या बैठकीत बायका एकमेकींचा हप्ता कसा भरतात आणि त्यातून मैत्री कशी तुटते, हा प्रश्न त्या साच्यात मावत नाही. वऱ्हाडातल्या कापूस बाजारात अडत्या आणि शेतकरी यांचे नाते तीन पिढ्यांत कसे बदलले हेही मावत नाही, कारण त्याला जुन्या चोपड्या, बाजार समित्यांचे दफ्तर आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी लागतात. सहा वर्षे गावात राहून लिहिलेले काम आणि सहा आठवड्यांत भरून घेतलेल्या प्रश्नावल्या यांना पदोन्नतीच्या गुणपत्रकात सारखेच वजन मिळणार असेल, तर पहिली वाट कोण धरील?

वर्तनशास्त्राच्या बाबतीत तर आपण आणखी मागे आहोत आणि इथे मला थोडे सविस्तर लिहावेसे वाटते. २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आनंदी मणी, सेंधिल मुल्लइनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच शेतकऱ्याची बुद्धिचाचणी ऊसतोडीआधी, म्हणजे हात पूर्ण रिकामा असताना, आणि तोडीचे पैसे आल्यावर अशी दोनदा घेतली. पैसे नसताना तोच माणूस कमी गुण मिळवत होता. टंचाईचा विचार डोक्यातली जागा व्यापतो, गरिबाचे निर्णय चुकतात ते अकलेच्या कमतरतेने नव्हे तर या व्यापामुळे, असा त्यांचा अर्थ होता. पुढे अमेरिकेत पगाराच्या आधी आणि नंतर घेतलेल्या चाचण्यांत असा फरक आढळला नाही, म्हणून हा वाद अजून चालू आहे. विदर्भातल्या कुणीतरी या वादात उतरायला हवे होते, असे मला फार वाटते. कारण ऊस आणि कापूस यांची पैशाची चाल अगदी वेगळी आहे. उसाचा पैसा कारखान्याने ठरवलेल्या तोडीनंतर एकदम येतो, म्हणून ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी रेघ मारता येते. कापूस तीन-चार वेच्यांत येतो. पहिल्या वेच्याचा पैसा वेचणीच्या मजुरीत आणि कृषी केंद्राच्या उधारीत जातो, दुसरा बँकेत किंवा सावकाराकडे, आणि घरखर्चाचा वेचा येईपर्यंत भाव पडलेला असतो किंवा बोंडअळीने बोंडे किडलेली असतात. आमच्या शेतकऱ्याच्या आयुष्यात ‘हात मोकळा झाला’ असा दिवस येतो का, आणि येत नसेल तर त्याच्या डोक्यावरच्या ताणाचे मोजमाप कसे करायचे, हा जागतिक दर्जाचा वैज्ञानिक प्रश्न आहे आणि तो वणी, केळापूर, राळेगाव किंवा कारंज्याच्या महाविद्यालयातून विचारता येण्याजोगा आहे. त्याला चाचणी घेणारा मानसशास्त्रज्ञ लागेल, उधारीची साखळी माहीत असलेला अर्थशास्त्राचा अभ्यासक लागेल आणि कोणत्या घरात कोणत्या दिवशी जाणे बरे नाही हे जाणणारा गावचा माणूसही लागेल.

वर्तनाचा अभ्यास एकटाच सोडला तर काय होते, याचे कडू उदाहरण आपल्याजवळ आहे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली आणि शेकडो रुग्णालयांत दाखल झाली. लगेच एक सोपे स्पष्टीकरण पुढे आले, की शेतकरी आणि मजूर सुरक्षेची साधने वापरत नाहीत, त्यांना शिकवले पाहिजे, किट वाटली पाहिजेत. जो माणूस खांद्यावर पंप घेऊन तासाला नव्हे तर पंपामागे मजुरी मिळवतो, त्याला किती पंप मारले यावर पोट भरायचे असते. त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडे, डोक्याच्या वर गेली होती, त्यामुळे नळी उंच धरून मारलेला फवारा तोंडावर आणि छातीवर येत होता. उघडिपीच्या दमट उन्हात प्लास्टिकचा अंगरखा घालून कुणी दोन पंपसुद्धा मारू शकत नाही. तोंडाला दुपट्टा बांधतो तोही घामाने भिजून विष धरून ठेवतो. कोणते औषध कशात मिसळायचे हे त्याला बहुधा दुकानदार सांगतो, आणि त्या दुकानदाराकडेच त्याच्या मालकाची उधारी असते. या सगळ्यांतला एकच धागा उचलून त्याला ‘जागरूकतेचा अभाव’ म्हणणे हे संशोधन नाही, दोष ढकलणे आहे. विषशास्त्र, मजुरीचे अर्थकारण, उधारीचे नाते, बियाण्याचा इतिहास आणि माणसाच्या अंगाला सोसणारे तापमान हे सगळे एकत्र मांडणारा अभ्यास झाला असता तर किट वाटून आपले कर्तव्य संपले असे कुणाला वाटले नसते. मेले ते बहुतांश दुसऱ्याच्या वावरात राबणारे हात होते, म्हणून हे लिहिताना मला शांत राहणे अवघड जाते.

वेगळी वाट धरली तर काय घडते याची उदाहरणेही विदर्भातलीच आहेत. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम राबवला गेला. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून त्यांच्यामार्फत नैराश्याविषयी बोलायला आणि मदत मिळवून द्यायला सुरुवात झाली, आणि अठरा महिन्यांनी पुन्हा पाहणी केली तेव्हा नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलेले आढळले. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये दाखवले, की त्यांतल्या ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते, पण याआधी कधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के होत्या. तोपर्यंत ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढेच धरले जात होते. जगाचे लक्ष त्यापलीकडे वळवणारे काम दोन लहान गावांत झाले. त्यासाठी आधी बायकांचा विश्वास कमवावा लागला, त्या आपल्या शब्दांत काय सांगतात ते ऐकावे लागले, आणि मग काटेकोर वैद्यकीय मोजणी करावी लागली. याच अभय बंग यांनी त्याआधी शेतमजुराच्या किमान वेतनाचा सरकारी हिशेब तपासून पागे समितीच्या आकडेमोडीत माणसाची गरज कमी धरली गेल्याचे दाखवून दिले होते. मजुराला दिवसाला किती अन्न लागते हा प्रश्न शरीरशास्त्राचा आहे, समाजशास्त्राचा आहे आणि न्यायाचाही आहे.

गडचिरोलीच्याच धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने तर संशोधनाचे आणखी एक रूप दाखवले. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकाराने तिथे ‘अभ्यास गट’ उभे राहिले. निर्णय ग्रामसभेचा आणि तोही सर्वसहमतीने, पण निर्णयाच्या आधी अभ्यास. जंगलावरचा कायदा काय म्हणतो, बांबू किती आहे, तो तोडायचा कसा, हे गोंड गावकरी बाहेरच्या जाणकारांना बोलावून त्यांच्यासोबत बसून समजून घेत. २००९ साली मेंढ्याला वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि तो मिळवताना त्या अभ्यासाचा उपयोग झाला. यात गावकरी उत्तरदाते नव्हते, प्रश्न त्यांचे होते. आमच्या विद्यापीठांच्या नियमावलीत अशा कामाला नाव नाही, आणि नाव नसल्यामुळे गुणही नाहीत.

एवढे सगळे म्हटल्यावर कुणाला वाटेल की मी मोठ्या आकड्यांच्या विरुद्ध बोलतो आहे. तसे मुळीच नाही. अर्थशास्त्रज्ञ प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालच्या सत्यशोधन समितीने १९८४ साली राज्यातला प्रादेशिक असमतोल मोजला, सरासरीपेक्षा मागे राहिलेल्या जिल्ह्यांचा एकूण अनुशेष ३,१८६ कोटींच्या वर काढला आणि त्यात विदर्भाचा वाटा ३९ टक्क्यांच्या आसपास असल्याचे दाखवले. त्या आधी विदर्भावर अन्याय होतो हे भाषणांतले वाक्य होते. त्यानंतर त्याला सिंचनाचा, रस्त्यांचा, विजेचा हिशेब मिळाला आणि विधिमंडळात त्यावर वाद घालता येऊ लागला. असा हिशेब कथनातून निघत नाही. मात्र अनुशेषाचे पैसे आले तरी पाणी वावरापर्यंत का पोचले नाही, कालवा झाला आणि वावरापर्यंत पाणी नेणाऱ्या चाऱ्या का झाल्या नाहीत, पाटाच्या शेवटच्या टोकाला असलेल्याला पाणी कुणाच्या मेहेरबानीने मिळते, हे दांडेकरांच्या रीतीने कळणार नव्हते आणि त्यांनी तसा दावाही केला नव्हता. प्रत्येक रीतीला स्वतःची मर्यादा माहीत असावी लागते.

दोन आक्षेप गंभीरपणे घेतले पाहिजेत. पहिला असा, की वैविध्याच्या नावाखाली सैलपणा शिरतो. दोन दिवस गावात फिरून आलेला माणूसही आपल्या टिपणाला सखोल अभ्यास म्हणू लागतो. हे घडते, मी पाहिले आहे. पण सैलपणा कोणत्याही रीतीत असू शकतो. २०१५ साली मानसशास्त्रातले १०० प्रसिद्ध अभ्यास पुन्हा करून पाहिले तेव्हा जेमतेम एक-तृतीयांशाच्या आसपासच मूळ निष्कर्ष तसे टिकले, आणि ते सारे आकडेवारीचे, प्रतिष्ठित नियतकालिकांत छापलेले अभ्यास होते. उपाय एक रीत बंद करून दुसरी चालवण्यात नाही. गावात राहून केलेल्या कामाला त्याचे निकष लावावेत: किती काळ राहिला, भाषा येते का, कुणाशी बोलला आणि कुणाशी बोलायचे टाळले, टिपणे दुसऱ्याला दाखवायला तयार आहे का. प्रयोगाला प्रयोगाचे निकष लावावेत आणि दफ्तर चाळणाऱ्याला इतिहासाचे. कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, गोंडी किंवा कोलामी न कळता, दुभाष्याच्या भरवशावर भरून आणलेल्या प्रश्नावल्यांना आपण आज काहीच विचारत नाही, हा सैलपणा मला जास्त धोक्याचा वाटतो.

दुसरा आक्षेप उपयोगाचा आहे. गरीब भागाने उपयोगी संशोधनच करावे, पोवाडे, गोंडी नात्यागोत्याची रचना किंवा वऱ्हाडी बोलीतल्या शिव्या असले विषय श्रीमंतांचे आहेत, असे अनेक सद्भावी लोक म्हणतात. मला हे मान्य नाही. ज्या भागाबद्दल फक्त त्याच्या दुःखाचेच संशोधन होते त्या भागाची माणसे हळूहळू फक्त दुःखी माणसे म्हणून ओळखली जातात. विदर्भाच्या खेड्यात आत्महत्या होतात तसा पोळाही भरतो, कापसाच्या पहिल्या वेच्याला सीतादहीची पूजा होते, दंडार हे लोकनाट्य होते, बायकांची भिशी चालते, पोरे स्पर्धा परीक्षेच्या वाचनालयात वर्षानुवर्षे बसतात आणि त्यांची लग्ने लांबतात. यातले कोणते ज्ञान उद्या उपयोगी पडेल हे आज कुणी सांगू शकत नाही. दोन गावांतल्या बायकांच्या अंगावरून पांढरे जाण्याच्या तक्रारीतून जगाचे आरोग्य धोरण हलेल, हे १९८० च्या दशकात कोणत्या अनुदान समितीने मान्य केले असते?

काय करता येईल ते सांगतो. अमरावती, नागपूर आणि गडचिरोलीच्या विद्यापीठांनी संशोधन आराखड्याच्या नमुन्यातून गृहीतकृत्य आणि प्रश्नावली यांची सक्ती काढून टाकावी आणि विद्यार्थ्याला आधी प्रश्न व मग त्याला साजेशी रीत मांडू द्यावी. पदव्युत्तर अभ्यासक्रमात एका सत्राचा काळ गावात राहण्यासाठी ठेवावा, आणि वेचणीच्या हंगामात ठेवावा, कारण गाव त्या दिवसांत खरे दिसते. प्रबंध मंजूर होण्याआधी त्याचा चार-पाच पानांचा मराठी गोषवारा, जिथे अभ्यास केला त्या ग्रामसभेत वाचून दाखवण्याची अट घालावी. गावाने घेतलेले आक्षेप प्रबंधाला जोडावेत. आमच्या विद्यार्थ्यांपैकी बरेच जण स्वतः वेचायला जाणाऱ्या, फवारणी करणाऱ्या घरांतले आहेत. त्यांना जे माहीत आहे ते बाहेरच्या अभ्यासकाला वर्षभराने कळते, तरी वर्गात आल्यावर आपण त्यांना ते विसरायला लावतो.

आणि एक काम तर लगेच सुरू करता येईल. गेल्या तीस-चाळीस वर्षांत विद्यार्थ्यांनी भरून आणलेल्या हजारो प्रश्नावल्या विभागांच्या कपाटांत, काही ठिकाणी जिन्याखाली, पोत्यांत बांधून पडल्या आहेत. त्यांच्या कडेला, खान्यांच्या बाहेर, पेन्सिलीने लिहिलेली वाक्ये आहेत, जी तक्त्यात कधी गेली नाहीत. त्या पोत्यांना वाळवी लागण्याआधी त्यांची गावनिहाय यादी करायला, नावे झाकून त्या स्कॅन करायला आणि नव्या विद्यार्थ्यांना वाचायला द्यायला एक खोली, एक यंत्र आणि दोन माणसे पुरतात.